नखाएवढे मुखचित्र

आज दुपारभर एका मित्राच्या, डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायच्या व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी कोडेखेळासाठी काढलेली तीन मुखचित्रे समोर ठेवून बसलो होतो आणि पहिल्या अर्ध्या तासात जे चित्र मला सर्वांत देखणे वाटले, तेच शेवटी बाजूला ठेवावे लागले. त्यात हेडसेट घातलेली मुलगी होती, निळा प्रकाश होता, तरंगते चौकोन होते. नव्हते ते फक्त कोडे.

स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानातील छोटे मुखचित्र ४६२ × १७४ पिक्सेलचे असते आणि यादीत ते आणखी आक्रसते, म्हणून उरलेली दोन्ही फोनवर नखाएवढी करून पाहिली. एकावरचे नाव वाचताच येईना. कोपऱ्यात पुरस्काराचे चिन्ह टाकण्याचा मित्राचा बेतही बारगळला, कारण सप्टेंबर २०२२ पासून स्टीमला अशा चित्रांवर पुरस्कार किंवा परीक्षणांचे गुण चालत नाहीत. (मला तर हा नियम मनापासून आवडतो.)

खरी अडचण वेगळीच आहे. ज्या खेळाची सारी गंमत भोवतालच्या जागेच्या जाणिवेत आणि हातांच्या हालचालीत आहे, तो सपाट चित्रात दाखवायचा कसा? २०१९ च्या 'अ फिशरमन्स टेल' या अशाच खेळात दीपगृहाच्या आत त्याच दीपगृहाची छोटी प्रतिकृती असते आणि तिचे छप्पर उचलले की आत आपणच दिसतो. ही एक कल्पना चित्रात उतरली, तर हेडसेट दाखवण्याची गरजच उरत नाही. तिसऱ्या चित्रातील अर्धवट उघडलेला लाकडी खण मला म्हणूनच पटला. त्यावरचा हात तेवढा मोठा करायला सांगितला आहे.