"अरे, ही क्लूनीची आहे!" असं म्हणत काल रात्री मित्राने कासामिगोस टकीलाची बाटली टेबलावर ठेवली. सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली, फोटो काढले. चव कशी आहे, हे कुणी विचारलंच नाही.

ते 'क्लूनीची' काही डोक्यातून जाईना.

हॉलिवूड अभिनेता जॉर्ज क्लूनीने दोन मित्रांसोबत २०१३ मध्ये हा ब्रँड काढला. २०१७ मध्ये दियाजिओ या बड्या मद्य कंपनीने तो १ अब्ज डॉलरपर्यंतच्या सौद्यात विकत घेतला. म्हणजे आता तो त्याचा उरलेलाही नाही, पण ओळख तीच. पुढे आपापली टकीला घेऊन अभिनेता ड्वेन जॉन्सन आला, मॉडेल केंडल जेनर आली.

आणि ही टकीला बनते कशापासून? मेक्सिकोत हलिस्कोच्या मातीत वाढणाऱ्या निळ्या अगावेपासून. आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातलं झाड. तोडणीला यायला त्याला सहा-सात वर्षं तरी लागतात. मग हिमादोर, म्हणजे तिथला तोडणी कामगार, लांब दांड्याला गोल पातं बसवलेल्या कोआने त्याची काटेरी पानं बुडापासून छाटतो. उरतो तो भला जड गड्डा. तोच भाजून, पिळून, आंबवून पुढे टकीला. ही तोडणी आजही हातानेच होते, आणि कोणतं झाड पिकलंय हे ओळखायला नजर लागते.

ब्रँड चार वर्षांत उभा राहून विकलाही गेला. तेवढ्यात लावलेलं रोप तोडणीलाही येत नाही!

मला मनापासून वाटतं, बाटलीवर त्या हिमादोरचं नाव असायला हवं. तुम्ही कुठल्या बाटलीवर असं नाव पाहिलंय का?