पंचेचाळीसला बास!

लवकर रिटायर व्हायचंय असं म्हणणाऱ्या कुणालाही विचारा, कितव्या वर्षी, तर उत्तर येतं चाळीस, पंचेचाळीस नाहीतर पन्नास. त्रेचाळीस म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. एवढा मोठा निर्णय आणि आकडा मात्र पाचाच्या पाढ्यातला, याचं मला बरेच दिवस नवल वाटायचं. आता वाटतं की तो आकडा हिशोबातून आलेलाच नसतो, तो आजच्या वैतागातून येतो. बॉसने सगळ्यांसमोर झापलं त्या दिवशी विचारा, चाळीस. बोनस जमा झाला त्या संध्याकाळी त्याच माणसाला विचारा, "बघू रे, पन्नासपर्यंत तसा काही प्रॉब्लेम नाही."

एक्सेल शीट नंतर येते. ती सगळ्यांची साधारण सारखीच असते, वर्षाचा खर्च, महागाई, परतावा आणि एक फार विचित्र रकाना, आपण किती वर्षं जगणार. तिथे माणूस अगदी शांतपणे ८५ टाईप करतो आणि टॅब दाबून पुढच्या रकान्यात जातो. मग येतो सगळ्यांचा लाडका नियम, वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले की सुटलात. याचं मूळ आहे विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन फायनान्शियल प्लॅनरने १९९४ साली मांडलेल्या चार टक्क्यांच्या हिशोबात, म्हणजे पहिल्या वर्षी जमवलेल्यातले चार टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढायचे आणि पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवत न्यायचे. पण त्याने बघितला होता अमेरिकेतल्या शेअर-बाँडचा इतिहास आणि पैसे पुरवायचे धरले होते तीस वर्षं, म्हणजे साठ-पासष्टला घरी बसणारा माणूस. चाळीसला सुटणाऱ्याला त्याच ८५पर्यंत पंचेचाळीस वर्षं काढायचीत, पण ते कुठे शीटमध्ये दिसतं! महागाई सहा टक्के धरली तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो, त्यामुळे ४५ला सुटलेल्याचा ५७ला दुप्पट, ६९ला चौपट आणि ८१ला आठपट. हे एकदा ओळीने लिहून काढलं की पुढचा आठवडाभर ऑफिस बरं वाटायला लागतं.

त्यातली मला सगळ्यात गमतीची वाटणारी गोष्ट म्हणजे हे वय पगारावरून ठरतच नाही, त्यातला किती भाग उरतो यावरून ठरतं. महागाई वजा जाता पाच टक्के परतावा धरा, शून्यापासून सुरुवात करा आणि कमाईतला अर्धा भाग बाजूला टाका, तर साधारण १७ वर्षांत २५ पट जमतात. दहा टक्केच टाकत असाल तर ५१ वर्षं लागतात, म्हणजे पंचविसाव्या वर्षी सुरू केलं तर शहात्तराव्या वर्षी "लवकर" रिटायर. आता महिन्याची अर्धी कमाई बाजूला टाकून १७ वर्षं काढणारा माणूस नंतर मजा करायला शिकेल का हा वेगळाच प्रश्न आहे, मला शंका आहे.

बरं, आकडे हवेतून काढण्यात सरकारंही काही मागे नाहीत. जर्मनीत चान्सलर बिस्मार्कने १८८९ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आणला तेव्हा वय ठेवलं ७०, तो स्वतः ७४चा होता आणि खुर्चीत होता. १९१६ मध्ये ते ६५ झालं. अमेरिकेने १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटी ही सरकारी पेन्शन आणली तीही ६५च धरून, आणि मग जगभर ते वय जणू निसर्गानेच ठरवून दिल्यासारखं वावरायला लागलं. २०२३ मध्ये फ्रान्सने ६२चं ६४ करायचं ठरवलं तर लाखो लोक रस्त्यावर उतरले. दोन वर्षांसाठी! आणि इथे आम्ही एका वाईट मीटिंगनंतर वीस वर्षं कमी करून टाकतो.

वैतागाचा एक घोळ असा की तो जातो. ब्योर्न बोर्ग या टेनिसपटूने १९८३ मध्ये सव्वीसाव्या वर्षीच निवृत्ती जाहीर केली, अकरा ग्रँडस्लॅम खिशात, खेळाचाच कंटाळा आलेला. आणि १९९१ मध्ये हाच माणूस परत कोर्टवर उतरला, तोपर्यंत बाकी सगळे ग्रॅफाइटच्या रॅकेटवर गेलेले आणि याच्या हातात तीच जुनी लाकडी. पहिलीच मॅच हरला. पैशाची बात सोडा, मला त्यात एवढंच दिसतं की खेळ नको झालेला माणूस आणि आठ वर्षांनी खेळ हवा असलेला माणूस एकच होता, आणि सव्वीसाव्या वर्षी त्याला कुणी शीट करून दिली असती तरी तिच्यात हा रकाना नसता.

उलट्या बाजूने, आकडा जवळ आला की लोक तो पुढे ढकलतात, याला वन मोअर इयर सिंड्रोम म्हणतात. अजून एक अप्रेझल, कर्जाचे थोडेच हप्ते राहिलेत, मुलीचं कॉलेज होऊ दे. कारणं खोटी नसतात हो. फक्त ती दरवर्षी नवीन असतात.

माझ्या ओळखीतला एकजण मात्र खरंच बाहेर पडला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. पंचेचाळीस ठरवलं होतं, ते गेलं, मग पन्नास म्हणत होता आणि मध्येच कंपनीने डिपार्टमेंट बंद केलं, याने शीट उघडून बघितली तर आकडा पुरत होता, मग दुसरी नोकरी शोधलीच नाही. पहिले काही महिने लोक विचारायचे, "मग दिवसभर करतोस काय?" हा प्रामाणिकपणे सांगायचा, उशिरा उठतो, चालायला जातो, वाचतो. समोरचा अशी काही मान हलवायचा की जणू घरात कुणी आजारी आहे, आणि जाताना हळूच एखाद्या ओपनिंगबद्दल सांगायचा. कुठलाही फॉर्म भरताना "व्यवसाय" या रकान्यात निवृत्त लिहिलं की काउंटरवरचा माणूस आधी जन्मतारीख बघायचा आणि मग याच्याकडे. शेवटी कंटाळून त्याने कन्सल्टंट लिहायला सुरुवात केली. आता कुणी काही विचारत नाही, फक्त अधूनमधून कुणीतरी खरंच काम घेऊन येतं, आणि त्यातली एक-दोन त्याने घेतलीसुद्धा.