चाल

"कोण गं ती येतीय?"

संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावर अण्णांनी विचारलं. समोरून आई येत होती. 48 वर्षांचा संसार! तिची डावीकडं झुकती चाल ते पार घाटावरून ओळखायचे.

ती जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "चाल दिसली गं, पण गर्दीत मिसळून गेली."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. स्वीडनच्या योहान्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1973 मध्ये दाखवलं होतं, अंधारात सांध्यांवरचे दहा-बारा प्रकाशठिपके हलले तरी माणूस चालतोय हे लगेच कळतं. ही जाण म्हातारपणी जात नाही. पण भोवती गर्दी असली, क्षणभरच दिसलं, की अवघड जातं. आणि मी नुसता चष्म्याचा नंबर तपासून आणत होते!

रस्ता ओलांडताना अण्णा थबकतात, तेव्हा मी हात ओढते. उद्यापासून नाही ओढणार.

तुमच्या घरी कुणी असं थबकतं का?