परसातली सातेरी: पहिल्या सहा महिन्यांची नोंद

दापोली तालुक्यातील आमच्या परसात गेल्या ऑक्टोबरमध्ये सातेरी या देशी मधमाश्यांची पहिली पेटी ठेवली, तेव्हा मला धास्ती होती ती फक्त डंखांची. प्रत्यक्षात डंख मोजकेच बसले. वसाहत मात्र पाच आठवड्यांत पेटी सोडून गेली.

त्याचे खापर मी आधी मुंग्यांवर फोडले, पण पेटी ज्यावर ठेवली होती त्या घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. रिकामी पेटी उघडल्यावर खरे कारण दिसले. सातेरी जुन्या पोळ्याचे मेण कुरतडते आणि तो चुरा तळाच्या फळीवर साचतो. त्यातच मेणकिड्याच्या अळ्या वाढल्या होत्या आणि पोळ्यांत त्यांची जाळी पसरली होती. शिवाय नवशिक्याच्या उत्साहाने मी दर दोन-तीन दिवसांनी झाकण काढत होतो. शेवटच्या दोन तपासण्यांत नवी अंडी दिसली नाहीत आणि मधाची घरेही रिती होत चालली होती, याची नोंद माझ्याच वहीत आहे. राणी अंडी घालणे थांबवते आणि माश्या साठा पोटात भरून घेतात, ती निघण्याची तयारी असते, हे मला तेव्हा उमगले नाही.

डिसेंबरमध्ये शेजारच्या चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, दुसरी वसाहत सापडली. एका अनुभवी मधपाळांच्या मदतीने संध्याकाळी पोळी कापून केळीच्या सोपटाने पेटीतल्या लाकडी चौकटींत बांधली, आणि दारावर कामकरी माशी जाईल पण राणी अडेल अशी जाळीची पट्टी लावली. पोळी बांधताना अळ्यांचा भाग वर आणि मधाचा खाली असे उलटे बांधण्याची चूक माझ्या हातून होता होता राहिली. सहाव्या दिवशी ताजी अंडी दिसली, तेव्हा पट्टी काढली. तोवर एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी या प्रमाणातला पाक रोज अंधार पडल्यावर पेटीच्या आत ठेवत असे, कारण दिवसा ठेवल्यास दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात.

आता पेटी दहा-बारा दिवसांनी एकदाच उघडतो. तळाची फळी मात्र दर आठवड्याला ओढून खरवडतो आणि काळी पडलेली रिकामी पोळी लगेच काढून टाकतो. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो, त्याला मी आता हाकलत नाही. दिवसाला त्याच्या पोटात जाणाऱ्या माश्या भरभक्कम वसाहतीला परवडतात.

खरा पेच जानेवारीत उभा राहिला. आंब्याला मोहोर आला की आसपासच्या बागांत तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात आणि माश्याही नेमक्या त्याच काळात फिरतात. एका दुपारनंतर दारासमोर शे-दीडशे माश्या तडफडताना दिसल्या. दुसऱ्याच दिवशी बागवाल्या काकांकडे जाऊन, फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास करावी आणि आदल्या दिवशी मला सांगावे, अशी विनंती केली. त्यांनी मान्य केले, तरी त्यांच्या पलीकडच्या तीन बागा कुणाच्या हे मी अजून शोधतो आहे.

आज, मार्चअखेर, सहा चौकटी माश्यांनी झाकलेल्या आहेत. वरची मधकोठी, म्हणजे मध साठवण्याचा कप्पा, चढवली आहे, पण तिच्यातला मध यंदा काढणार नाही. जूनपासून इथे पाऊस एकदा लागला की माश्यांना दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, तेव्हा तो साठा त्यांनाच लागेल.