दोन पडदे आणि एक जोडी डोळे
१९९३ मध्ये सुरू झालेल्या स्टार फॉक्स या अंतराळयुद्धाच्या खेळाचा २०१६ मधला पुनर्जन्म, म्हणजे निन्टेंडोच्या वी यू या गेम कन्सोलवरचा स्टार फॉक्स झीरो, आज प्रथमच खेळलो. टीव्हीवर आपले आरविंग यान मागून दिसते, तर हातातल्या गेमपॅडवर (स्वतःचा पडदा असलेल्या कंट्रोलरवर) वैमानिकाच्या जागेवरून समोरचे दृश्य दिसते; यान स्टिकने वळवायचे आणि नेम मात्र गेमपॅडच प्रत्यक्ष हलवून धरायचा. पहिला तासभर नेमाकडे पाहावे तर यान आपटत होते आणि यान सांभाळावे तर शत्रू निसटत होता (चष्मा असलेल्यांनी माझी अवस्था समजून घ्यावी). नजर टीव्हीवर ठेवून अचूक नेमापुरतीच खाली न्यायची, हे उमगल्यावर मात्र सरळ उडत असताना बाजूच्या लक्ष्यावर मारा करण्यातली मजा कळली. मनगटे अजून दुखत आहेत.