चौकातल्या पाट्या आणि आधी जाण्याचा हक्क

शिकाऊ परवान्याची परीक्षा संगणकावर होते आणि तिच्यात चिन्हाचे चित्र दाखवून अर्थ विचारला जातो. त्यामुळे बहुतेक मुलेमुली चिन्हांचा तक्ता पाठ करून जातात, पास होतात आणि गाडी घेऊन चौकात आली की गोंधळतात. कारण तिथे अर्थ कोणी विचारत नाही, तिथे आधी कोणी जायचे, कुठे वळायचे आणि चाके नेमकी कुठे थांबवायची हे क्षणात ठरवावे लागते. माझी भाची सध्या शिकाऊ परवान्यावर गाडी चालवते आणि नियमाप्रमाणे परवानाधारक म्हणून मी तिच्या शेजारी बसतो. तिला जे वारंवार सांगावे लागते, ते इथे लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत चिन्हांचे तीन गट आहेत: बंधनकारक, सावधानतेची आणि माहितीची. बंधनकारक चिन्हे जवळजवळ सगळी गोल असतात. अपवाद दोनच, आणि दोन्ही चौकाशी संबंधित आहेत. ‘थांबा’ ही पाटी अष्टकोनी आणि लाल असते, तर ‘रस्ता द्या’ ही पाटी लाल काठाचा, टोक खाली असलेला पांढरा त्रिकोण असते. हे आकार इतर कोणत्याही चिन्हाला दिलेले नाहीत, त्यामुळे रंग उडाला, धूळ बसली, एवढेच काय, पाटी मागच्या बाजूने दिसली तरी ती ओळखता येते. समोरच्या रस्त्यावर अष्टकोनी पाटीची पाठ दिसली, तर तिकडून येणाऱ्याने थांबायचे आहे हे आपल्याला आधीच कळते. अर्थात तो थांबेलच असे गृहीत धरून पुढे जाऊ नये.

‘थांबा’ या पाटीला आपल्याकडे फार कमी मान मिळतो आणि याची मला मनापासून खंत वाटते. वेग कमी करून, दोन्हीकडे पाहून, गाडी रांगत पुढे नेणे म्हणजे थांबणे नव्हे. पांढऱ्या थांबारेषेच्या अलीकडे चाके पूर्ण थांबली पाहिजेत, मग रस्ता मोकळा असो वा नसो. सोसायट्यांच्या गल्ल्या मोठ्या रस्त्याला मिळतात तिथे कोपऱ्यावर हमखास एखादा टेम्पो उभा असतो आणि रेषेपाशी थांबूनही उजवीकडचे काही दिसत नाही. अशा वेळी आधी रेषेवर थांबावे, मग क्लच अर्धवट सोडत, ब्रेकवर पाय ठेवून, गाडीचे नाक थोडेसे पुढे काढावे आणि रस्ता दिसू लागताच पुन्हा थांबावे. मागचा हॉर्न वाजवतो म्हणून यातला दुसरा थांबा गाळू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कलम १८४ मध्ये लाल सिग्नल तोडणे आणि ‘थांबा’ चिन्ह न पाळणे, या दोन्ही गोष्टी धोकादायक वाहनचालनात मोजल्या जातात. पहिल्याच गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

उलटा त्रिकोण मात्र थांबण्याची सक्ती करत नाही. तिथे वेळेवर दुसऱ्या गिअरमध्ये यावे, मुख्य रस्त्याकडे पाहावे आणि मोकळा असेल तर न थांबता मिसळावे. आपल्यामुळे मुख्य रस्त्यावरच्या चालकाला ब्रेक मारावा लागला किंवा गाडी बाजूला घ्यावी लागली, तर आपण रस्ता दिला नाही, एवढी कसोटी पुरेशी आहे. पाटीच नसेल तिथेही नियम असतोच: मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे, आणि दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. वर्तुळाकार चौकात आत फिरत असलेली वाहने आधी जातात.

गोल चिन्हांत लाल काठ मनाई सांगतो आणि निळी पार्श्वभूमी आज्ञा सांगते. हा फरक प्रत्यक्षात महत्त्वाचा ठरतो, कारण ‘उजवीकडे वळण्यास मनाई’ असेल तर सरळ आणि डावीकडे जाता येते, पण निळ्या गोलात डावीकडचा एकच पांढरा बाण असेल तर सरळ आणि उजवीकडे, असे दोन्ही मार्ग बंद होतात. पुण्यात जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकमेकांच्या उलट दिशेने एकेरी आहेत आणि मधले घोले रस्त्यासारखे रस्ते त्यांना जोडतात. अशा ठिकाणी शिकाऊ चालकाने रहदारी कुठे चालली आहे यावर विसंबून न राहता कोपऱ्यावरची पाटी वाचण्याची सवय लावावी. लाल तबकडीवर आडवी पांढरी पट्टी असेल तर त्या तोंडाने आत जायचे नाही. लाल काठाचा रिकामा पांढरा गोल असेल तर रस्ता दोन्ही दिशांनी वाहनांना बंद आहे. पाटीखाली वेळ किंवा वाहनाचा प्रकार लिहिलेली लहान पट्टी असेल, तर मनाई तेवढ्यापुरतीच असते.

सिग्नल असलेल्या चौकात ‘फ्री लेफ्ट’ हा आपला आवडता गैरसमज आहे. लाल दिवा असताना डावीकडे वळण्याची मुभा तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच मिळते, आणि तेव्हाही झेब्रा पट्ट्यांवरचा पादचारी आधी जातो.

पोलीस हाताने इशारे करत असेल तर त्याचा हात सिग्नलपेक्षाही वरचढ असतो. रात्री पिवळा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करून जपून जायचे. लाल लुकलुकत असेल तर ‘थांबा’ पाटीप्रमाणेच पूर्ण थांबून, पाहून मग निघायचे. वीज जाऊन सिग्नल बंद पडला, तर चौकात पुन्हा ‘थांबा’ आणि ‘रस्ता द्या’ या पाट्यांचा आणि उजवीकडच्या वाहनाला आधी जाऊ देण्याचा नियम लागू होतो.