स्कॉटलंडच्या आडरस्त्यांवर भाड्याच्या गाडीने

तिकडेही गाडी डावीकडूनच चालते, स्टेअरिंग उजवीकडेच, मग त्यात काय एवढं, असं मुलुंडच्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाने सांगितलं. खरं आहे ते. स्कॉटलंड ठरवण्यामागे तेच मोठं कारण होतं. शिवाय आई सोबत असताना बस-ट्रेनच्या वेळा गाठत बॅगा ओढायच्या नव्हत्या. एडिंबराला उतरायचं, गाडी घ्यायची, ग्लेन्को आणि फोर्ट विल्यम करून स्काय बेटावर जायचं आणि इनव्हर्नेसवरून परत, असा बेत. जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय, तेव्हा देखाव्यांची वर्णनं कमी आणि रस्त्याचं जास्त.

आधी कागदपत्रं. ग्रेट ब्रिटनमध्ये आपल्या लायसन्सवर 12 महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. तरीही निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष, अर्ज ऑनलाइन भरता येतो. भाड्याची गाडी देणाऱ्या काउंटरवरचा माणूस ते मागेलच असं नाही, पण लांबचा प्रवास करून पेंगत तिथे उभं असताना वाद घालायची ताकद कोणात असते?

त्याहून महत्त्वाचं क्रेडिट कार्ड. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावाचं कार्ड लागतं. डिपॉझिटची रक्कम त्यावर अडकवून ठेवतात आणि गाडी परत दिल्यावर सोडतात. फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू केलेत ना आणि पिन पाठ आहे ना, हे घरीच पाहा. बायकोही गाडी चालवणार असेल तर तिचं नाव ॲडिशनल ड्रायव्हर म्हणून लिहून घ्या, नाहीतर तिच्या हातून ओरखडा गेला तरी विमा हात वर करतो.

विम्याचं गणित असं. भाड्यात मूळ विमा धरलेला असतो, पण नुकसान झालं तर पहिली मोठी रक्कम आपल्या खिशातून जाते. तिला एक्सेस म्हणतात. ती शून्यावर आणण्यासाठी काउंटरवर रोजचे पैसे मागतात आणि चांगलाच आग्रह करतात. तेच संरक्षण आधी वेगळी पॉलिसी घेऊन बरंच स्वस्तात मिळतं. फक्त त्यात भरपाई आधी आपण द्यायची आणि मग क्लेम करायचा. टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात येतो का, हे नीट वाचा, कारण गावातल्या रस्त्यांवर मार बसतो तो नेमका टायरला. ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, चाकांच्या रिम्ससकट.

गाडी लहान घ्या, पण डिकी बघून. दोन मोठ्या बॅगा आणि आईची खाऊची पिशवी म्हटल्यावर हॅचबॅक अपुरी पडते. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुक करतानाच तसं नमूद करा. मुलं 12 वर्षांची किंवा 135 सेंटिमीटर उंचीची होईपर्यंत त्यांना चाइल्ड सीट लागते. आमची दुसरीतली आहे, तिचं बूस्टर सीट आम्ही तिथल्याच सुपरमार्केटमधून घेतलं. रोजच्या भाड्यापेक्षा ते परवडलं.

एडिंबराहून फोर्ट विल्यम साधारण 130 मैल. जाताना स्टर्लिंग, कॅलेंडर, क्रिअनलारिक असे गेलो, म्हणजे लॉख लोमंड या तळ्याच्या उत्तर टोकाचा अरुंद रस्ता टळतो. स्पीडोमीटर मैलांत असतो, हे मेंदूला सारखं सांगावं लागतं. वस्तीत 30, बऱ्याच गावांत 20. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली की मध्ये दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर 60, म्हणजे आपले 96 किलोमीटर. लिमिट 60 आहे म्हणून 60 ने जायलाच हवं असं नाही. वळणापलीकडे रस्त्यात मेंढी बसलेली असू शकते, आणि ती उठत नाही.

सर्कलला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे ज्याने नाक घातलं त्याची पाळी, ही सवय विमानातच सोडा. हॉर्न सगळ्या प्रवासात क्वचितच कानावर पडला. मोबाइल हातात दिसला तर 200 पौंड दंड. दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे, तेव्हा चालवणाऱ्याने घ्यायचीच नाही हे सोपं.

आता खरा विषय, सिंगल ट्रॅक रस्ते. स्कायवर आणि पश्चिम किनाऱ्याला हे भरपूर. रुंदी एका गाडीपुरती, दोन्ही दिशांची वाहतूक त्याच रस्त्यावर आणि थोड्या थोड्या अंतरावर पांढऱ्या पाटीचे पासिंग प्लेस. तो डाव्या हाताला असेल तर आपण आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर पलीकडे जायचं नाही, आपल्याच बाजूला त्याच्या समोर थांबायचं. मग समोरचा त्यात शिरून आपल्याला वळसा घालतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियम आपल्या घाटातलाच. मागे कोणी लागलं असेल तर त्यालाही तिथेच साइड द्यायची. फोटोसाठी पासिंग प्लेसमध्ये गाडी लावणारे पर्यटक स्थानिकांच्या शिव्या खातात, आणि रास्तच आहे.

इथे मुंबईकराची गडबड होते ती डिपरमुळे. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की त्याचा अर्थ, ‘मी येतोय, बाजूला हो’. तिथे अर्थ बरोबर उलटा: ‘मी थांबलोय, तू ये’. स्कायवरच्या क्विरांगच्या रस्त्यावर समोर एक जुनी लँड रोव्हर थांबलेली. डिपर दिला, मी थांबून राहिलो. परत डिपर. मागून आई म्हणाली, “अरे, तो तुला बोलावतोय, जा की.” जवळून जाताना म्हाताऱ्या शेतकऱ्याने स्टेअरिंगवरून एक बोट उचललं, इतकंच. हे बोट म्हणजे नमस्कार आणि आभार एकत्र. दुसऱ्या दिवसापासून आमची मुलगी मागच्या सीटवरून प्रत्येक गाडीला बोट दाखवत होती. आपण मात्र डिपर वाट देण्यासाठीच वापरा, घाई करण्यासाठी नको.

मागच्या पासिंग प्लेसपर्यंत गाडी मागे घ्यावी लागली, तरी रिव्हर्स येत असेल तर धास्ती नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधून गाडी काढणारा माणूस इथे सहज तरून जातो. फक्त रस्त्याची कड मऊ आणि खाली खचलेली असते, चाक उतरवू नका.

पेट्रोल स्वतःच भरायचं. “साहेब, झिरो बघा” म्हणणारं कोणी नाही. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. झाकणावरचं वाचल्याशिवाय नळी लावू नका. भरून झालं की दुकानात जाऊन पंपाचा नंबर सांगायचा आणि पैसे द्यायचे. स्कायवर ब्रॉडफर्ड आणि पोर्ट्रीला पंप आहेत, पुढे त्यांची वानवा, म्हणून अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नका.

स्कायला जाताना मॅलेगहून आर्माडेलची फेरीबोट घेतली. गाडीसकट जायचं तर सीझनमध्ये आधी बुक करा. ग्लेनफिनानचा 21 कमानींचा रेल्वेपूल याच वाटेवर, पण गाडी लावायला जागा मिळवायची तर सकाळी लवकर पोहोचा. परत येताना स्काय बेटाला जोडणाऱ्या पुलावरून आलो. तो 1995 मध्ये झाला आणि त्याचा टोल 2004 मध्ये रद्द झाला. इनव्हर्नेसहून दक्षिणेला ए9 हायवेवर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून उपयोग नाही. दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीकडे येते आणि ती वर आपली फी लावून पाठवते.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवायचं भान राहत नाही आणि गावातल्या पबचं स्वयंपाकघर तोवर बंद होतं. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून निभावलं. वारा पडला की संध्याकाळी चिलटं अक्षरशः फोडून काढतात, त्यावरचं औषध तिथल्याच दुकानातून घ्या.

गाडी परत देताना टाकी फुल करून पावती जपून ठेवा. आणि हो, उत्तर किनाऱ्याचा ‘नॉर्थ कोस्ट 500’ हा प्रसिद्ध 500 मैलांचा फेरा आठवड्याभराच्या सुट्टीत कोंबू नका. आम्ही तो सोडला आणि त्या वेळात पोर्ट्रीत दोन दिवस जास्त राहिलो.